शब्दचर्चा : ‘पाणी आलं’ म्हणजे कोणतं पाणी?

मास्तर, दर्यापूर तालुका :

नऊ वर्षं वेंगुर्ल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर काढली आणि आंतरजिल्हा बदलीनं वऱ्हाडात, गावाकडे आलो. सामानात एक दोनशे पानी वही आली. तिकडचे शब्द कानावर पडतील तसे मी तिच्यात लिहून ठेवत होतो. परवा वाचायला घेतली तर निम्मे शब्द पावसाचे, वाऱ्याचे आणि समुद्राचे निघाले. त्यात पहिल्याच पानावर एक शब्द आपल्या घरचा आहे. तिथूनच सुरू करतो.

तिथला माझा पहिला जून. वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसायची. दुपारी अंधारून आलं, कौलांवर टपटप सुरू झाली. मी सवयीनं म्हणालो, “पाणी आलं रे, खिडक्या लावा.” चौथीतलं एक पोरगं उठलं, खिडकी लावायची सोडून बाहेर वाकलं, खाडीकडे नीट बघितलं आणि म्हणालं, “नाय गुरुजी, अजून सुकती आसा.” सुकती म्हणजे ओहोटी, हे मला संध्याकाळी घरमालकांनी सांगितलं. घरात ‘पाणी आलं’ म्हणजे नळाला आलं, बंदरावर म्हणजे भरती लागली. वरून पडतो तो पाऊस. त्याला पाणी म्हणणारा त्या गावात मी एकटा.

आपल्याकडे उलटं आहे. ‘पाऊस पडत आहे’ असं कोणी म्हणालं की तो एक तर रेडिओवरचा, नाही तर पुण्याहून सुट्टीत आलेला. आपण म्हणतो ‘पाणी येऊन राह्यलं’, ‘पाण्यानं दडी मारली’, ‘यंदा पाणी बरं आहे’.

असं का, याचा माझा एक अंदाज आहे. ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’वरून आला, म्हणजे पिण्याजोगं. ‘पाऊस’ आला ‘प्रावृष्’वरून, म्हणजे पावसाळा. आता आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहीर खणा की बोअर मारा, लागतं ते खारट नाही तर मचूळ. गावाच्या नावात दर्या, विहिरीत दर्याचं पाणी, दर्या तेवढा नाही. (नावातला दर्या समुद्राचा नसावा. वऱ्हाडच्या इमादशाहीत दर्या इमादशाह नावाचा सुलतान होता, लोक नाव त्याच्याशी जोडतात.) अशा मुलखात पिण्याजोगं म्हणून जे होतं ते वरूनच पडायचं. मग पडणाऱ्यालाच ‘पाणी’ म्हणाले, यात नवल काय?

दुसरा शब्द ‘झड’. आपल्याकडे झड लागते. तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, पाणी जोरात नाही पण थांबतही नाही, ढोरं कोठ्यातून बाहेर निघत नाहीत. वेंगुर्ल्याला झड येते. वाऱ्यानं पाऊस तिरपा होऊन पडवीत, खिडकीतून अंथरुणावर येतो ती झड. ‘झड येते, दार लोट’ हे मी तिथं हजार वेळा ऐकलं. एकच शब्द, पण आपला दिवसांत मोजायचा आणि त्यांचा हातांत.

कोणाला पटतं, कोणाला नाही, सांगा.

काकू, अकोट :

मास्तर, वही लय मस्त हाय, पन एक गोठ राह्यली. पाऊस आमच्या तोंडात नाही असं नाही. पावसाया म्हनतो ना आपन? ‘पावसाया लागला पन पानी नाही आलं’ असं दरसाली जूनमंधी म्हनाच लागते. म्हंजे पाऊस पंचांगातला आन पानी वावरातलं.

आन सगयं पडलेलं पानी नसते. भुरभुर आली तं तिले कोनी पानी म्हनत नाही. नुसती धूय दबली तं ‘सडा टाकला’ म्हनतो. धुऱ्यापावतर जाऊन आलं आन चप्पल चिखलानं जड झाली, मंग ते पानी. मंग वावरात बोटं खुपसून पाहाचं, वल कितीक गेली. वीतभर गेली तं तिफन काढाची, म्हंजे पेरनी सुरू. मोबाईलवर मिलिमीटर येते, आमचं मीटर वीतच.

एम.ए. मराठी, यवतमाळ :

सर, तुमचा खारपाणपट्ट्याचा तर्क वाचायला गोड आहे, पण टिकत नाही. आमच्या यवतमाळकडे विहिरींना गोडं पाणी आहे, तरी आम्हीही ‘पाणी आलं’च म्हणतो. वर्धा, नागपूर, भंडाऱ्यातही तेच. मग खारटपणा हे कारण कसं? शिवाय जबलपूर-रायपूरकडची हिंदी ऐका. तिथं ‘पानी गिर रहा है’. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, वऱ्हाड त्याच प्रांताला जोडलेलं. बाजार, कचेरी, रेल्वे सगळं हिंदीच्या शेजारात. त्यांच्याकडून आपल्याकडे आलं की आपल्याकडून त्यांच्याकडे गेलं, हे मी सांगू शकत नाही, पण ही सवय तालुक्याची नसून मोठ्या पट्ट्याची आहे.

काकूंचा मुद्दा मला जास्त पटतो. ‘पावसाळा’त पाऊस शिल्लक राहिला, क्रियापदापाशी पाणी आलं. ‘पाऊसपाणी’ या जोडशब्दात दोघं अजून शेजारी नांदतात, आणि तिथंही पाऊस आधी, पाणी मागून. मूळ ‘प्रावृष्’चा अर्थ ऋतू हाच आहे, म्हणजे काकू नकळत संस्कृतच्या जवळ आहेत.

मास्तर :

मान्य. यवतमाळच्या विहिरी मी विसरलो. वहीत त्या ओळीवर काट मारली.

वेंगुर्लेकर :

गुरुजी, मार्चात ट्रॅव्हल्सच्या टपावरून कूलर घेऊन येणारे ते तुम्हीच काय? आमच्या वाडीत अजून ती गोष्ट सांगतात.

‘सुकती’ लिहिलीत, तिच्या बहिणीही लिहून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती मोठी, ती उधाणाची. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, ती भांगाची. आमचे म्हातारे घड्याळ बघत नाहीत. तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. जागेप्रमाणे पुढंमागं होतं, पण होडी लोटायला तेवढा हिशेब पुरतो. रोज भरती साधारण पाऊण तास उशिरा येते, म्हणून हे गणित बसतं.

म्हणून तुम्ही ‘पाणी आलं’ म्हणालात तेव्हा पोरगं खाडीकडे बघणारच. आमच्याकडे पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. पाऊस मात्र ‘इलो’ की चार महिने राहतो. त्याला कशाला वेगळं विचारायचं?

तुम्ही ‘आगोट’ लिहिलात की नाही? पावसाळा तोंडावर आला की आगोट आली. मग आगोटीची बेगमी : तांदूळ, सुकी मासळी, मीठ, आमसुलं, लाकडं. भिंतींना झापं, कौलं शाकारून घ्यायची, होड्या वर ओढून शाकारायच्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, त्यामुळं आगोट ही आमची वर्षाची खरी तारीख. २०२५ ला ती चुकली. केरळात मोसमी पाऊस २४ मेला आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या अंगणात. सुकत घातलेली मासळी तशीच उचलली. बेगमी अर्धी आणि आगोट पूर्ण, असं झालं.

मास्तर :

कूलरवाला मीच. आता लपवून उपयोग नाही. दर्यापुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पण हवा कोरडी, म्हणून ओल्या ताटीतून वारा आला की गार होतो. वेंगुर्ल्यात पारा तेहतिशीत आणि हवा आधीच भिजलेली. कूलर लावला की खोलीत घाम आणखी वाढायचा. घरमालकीण दारातून म्हणाली, “गुरुजी, ह्या पाणी फेकणारा यंत्र कशाक?” महिन्याभरात त्यात कांदे ठेवायला लागलो.

शब्दांचंही तसंच आहे. आपल्याकडे ‘ऊन’ हीच उन्हाळ्याची मुख्य तक्रार. ऊन लागलं, उन्हात फिरू नको, खिशात कांदा ठेव. तिकडे उन्हाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, बोलतात ते कोंदट हवेबद्दल. आपल्याकडे तशी हवा पाण्याच्या आधी दोन-चार दिवस होते, तेव्हा आपण ‘गदमदते’ म्हणतो किंवा सरळ हिंदीतली ‘उमस’ घेतो. त्यांच्या बाराही महिन्यांच्या हवेला आपल्याकडे फक्त पाहुणा शब्द आहे.

आगोटीची बातमी वाचून एक आठवलं. त्याच २०२५ मध्ये कोकण मेच्या शेवटी चिंब होतं आणि आपण इकडे जूनच्या मध्यापर्यंत आभाळाकडे बघत होतो. मी फोनवर जुन्या मुख्याध्यापकांना म्हणालो, “तुमच्याकडचं पाणी पाठवा.” ते म्हणाले, “कोणतं? भरतीचं?”

धानवाला, भंडारा :

आमच्याकडे ‘ऊन’ म्हनत नाही जी, ‘तपन’ म्हनतो. तपन लय आहे, तपनीत नको जाऊ गा. नवतपा, म्हंजे मे अखेरचे नऊ लय तपनीचे दिवस, लागला का मंग विचारूच नका.

पन कोकणवाल्या भाऊसोबत आमचं एक जमते. ते धानवाले, आमी बी धानवाले. तरी शब्द पूर्ण येगळे. ते रोपाले तरवा म्हनतात, आमी पऱ्हे. ते लावणी करतात, आमी रोवणा. त्याइले पान्याची चिंता नाही, पान्यानं वाहून जाईन याची चिंता. आमाले बोडीत पानी आहे का नाही याची. बोडी म्हंजे वावराच्या वरच्या अंगाले बांधलेला लहान तलाव. बोडी भरली तं रोवणा निंघते, नाही तं पऱ्हे जाग्यावरच पिवळे पडतात. ऑगस्टात पान्यानं पंधरा दिवस ताण देल्ला का माणूस आभाळाकडे नाही पाहात, बोडीकडे पाह्यते.

निवृत्त तलाठी, वाशीम जिल्हा :

सगळे शब्द गोड आहेत. आता एक कडू शब्द घ्या : अतिवृष्टी.

बोलण्यात अतिवृष्टी म्हणजे फार पाऊस. महसुली भाषेत अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि तोही महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात मोजलेला. तुमच्या वावरात गुडघाभर पाणी साचलं आणि मापक आठ किलोमीटरवर दुसऱ्या गावात, तिथं ६१ निघाला, तर तुमच्याकडे अतिवृष्टी झाली नाही. माणसाचं गुडघाभर पाणी आणि कागदाचं ६१, या दोहोंमध्ये मी अख्खी नोकरी काढली. लोक शिव्या मला द्यायचे, मापकाला नाही.

वेंगुर्लेकर भाऊंना हे विनोदी वाटेल. त्यांच्याकडे जुलैत ६५ म्हणजे साधा मंगळवार. पश्चिम विदर्भात अख्ख्या पावसाळ्यात सात-आठशे मिलिमीटर पडतो, कोकण किनाऱ्यावर अडीच-तीन हजार. शब्द एकच आणि आकडाही एकच, पण तिकडे त्यानं छत्री उघडते आणि इकडे पंचनामा.

अजून एक. मास्तरांची ‘झड’ सरकारी कागदात वर्षानुवर्षं नव्हतीच. तिचं नुकसान हळूहळू होतं. कपाशी पिवळी पडते, सोयाबीनची मुळं कुजतात, आणि एकाही दिवशी ६५ होत नाही. म्हणजे कागदावर काहीच घडलं नाही. २०२३ मध्ये राज्यानं ‘सततचा पाऊस’ ही आपत्तीत धरली आणि सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर अशी अट ठेवली. तेव्हा कुठं झडीला कागदात जागा मिळाली. नाव मात्र बदलून. अर्जात ‘झड’ लिहिलं तर आजही कोणी ओळखणार नाही.

‘ओला दुष्काळ’ हा शब्दही असाच आहे. भाषणात रोज, नियमात कुठंच नाही.

एम.ए. मराठी, यवतमाळ :

काका, हे फार कामाचं सांगितलंत. शब्दकोशात ‘अतिवृष्टी’पुढं ‘फार पाऊस’ इतकंच येतं. ‘ढगफुटी’चंही तसंच. हवामानशास्त्रात तिला तासाला १०० मिलिमीटरची अट आहे, बातमीत मात्र नाला रस्त्यावर आला की ढगफुटी.

संत्रावाला, वरूड :

मी फक्त ‘गारा’बद्दल बोलतो. आमच्याकडे हा शब्द दोन अंगांचा आहे. ‘गारा झाला’ म्हणजे चिखल झाला, भिंतीला लावायचा तोही गारा. ‘गारा पडल्या’ म्हणजे गारपीट. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी अनेकवचनी. नवी सून पंजाबराव कृषी विद्यापीठात शिकलेली, तरी सुरुवातीला गोंधळायची. सासरे फोनवर ओरडले, “बगिच्यात गारा आहे!” ही रडायलाच लागली.

गारा मोजायचंही माप आहे : ज्वारीएवढ्या, बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या, लिंबाएवढ्या. ज्वारीएवढी पडली तर पोरं वाटीत गोळा करतात. बोरापासून पुढं कोणी बोलत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसामागून दिवस पडल्या, संत्र्याचा आंबिया बहार झाडाखाली पांढरा होऊन पडला होता. आमच्याकडे आता वर्ष सांगायचं तर ‘गारपिटीच्या आधी, गारपिटीच्या नंतर’.

आणि तो ‘ऑरेंज अलर्ट’ कोणी तरी बदला. वरुडात ऑरेंज अलर्ट म्हटलं की आडत्याचा भाव पडला असं वाटते.

वेंगुर्लेकर :

वर्ष सांगायची आमची पद्धत तशीच, फक्त आमच्या वादळांना नावं असतात. ‘फयान’ २००९ च्या नोव्हेंबरात, ‘क्यार’ २०१९ च्या ऑक्टोबरात, ‘तौक्ते’ २०२१ च्या मेमध्ये. ‘हा माड फयानात पडला’, ‘तौक्तेच्या आदल्या दिवशी लग्न होतं’, असं सर्रास बोलतात. कुठल्या देशानं ठेवलेलं कुठलं नाव, पण आमच्या बायकांनी ते घरच्या माणसासारखं वापरलं. ‘फयान’ला विभक्ती लागली, आता तो मराठी शब्द.

‘मळभ’ राहिलं. ढग दाटून आले, पाऊस नाही, वारा नाही, उजेड मळका : ते मळभ. मोहोर आल्यावर मळभ आलं की बागायतदाराचा चेहराही तसाच होतो.

मास्तर :

मळभ वहीत आहे, आणि त्यापुढं मी ‘आभाळ’ लिहिलं आहे. आपल्याकडे आकाश वेगळं आणि आभाळ वेगळं. आकाश कायमचं आहे, आभाळ येतं आणि जातं. ‘आज आभाय आहे’ म्हणजे ढग आहेत. मळभ आणि आभाळ, दोन्ही शब्दांत संस्कृतातलं ‘अभ्र’ दिसतं. तिकडे ते मळलं आणि इकडे तसंच राहिलं. जूनमधल्या आभाळाला आपण हात जोडतो. तेच आभाळ डिसेंबरात आलं तर तुरीवर आणि हरभऱ्यावर अळी, वरून पहाटे धुवारी पडली की तुरीचा फुलोरा गळतो. तेव्हाही शब्द आभाळच, फक्त म्हणणाऱ्याचा आवाज बदलतो. कोकणात मळभ ऐकून कोणाला आनंद झालेला मी पाहिला नाही.

आता एक शेवटचा शब्द विचारतो. वहीत नाही, आईच्या तोंडी आहे : ‘वारा-वावधन’. ‘वारा-वावधन सुटलं, कुटार झाका.’ (कुटार म्हणजे ढोरांचा भुसा.) वारा कळला. वावधन म्हणजे नेमकं काय? वावटळ, वादळ, की तिसरंच?

एम.ए. मराठी, यवतमाळ :

‘वाव’ म्हणजे वायू, इतकं सांगता येईल. पुढच्या ‘धन’ला मी हात लावत नाही.

काकू, अकोट :

वावटय येगयी, ते जाग्यावर गरगर फिरते, धूय आन पालापाचोया वर नेते, दोन मिनिटात जाते. वादय म्हंजे संगं पानी असते, इजा असतात. वावधनात पानी नसते. नुसता जोराचा वारा, एकाच अंगानं, घंटा घंटा चालते. कवेलू उडते, गंजीवरची ताडपत्री उडते, कापूस बोंडातून खाली लोंबते आन मातीत जाते. वेचनीच्या दिवसात सुटलं तं बाया डोक्याले शेला बांधून तशाच वेचतात, कारन दुसऱ्या दिशी खालचा कापूस कवडीचा. तुमची माय ‘कुटार झाका’ म्हने ते याच्यासाठी. पान्यानं कुटार भिजते, वावधनानं ते दुसऱ्याच्या वावरात जाते.